वीतभर माती

जस्त हवं होतं. पत्र्यांना, बादल्यांना, पितळेला, काडतुसांना हवं होतं. लढाई आली की पितळ लागतं, पितळेला तांब्याबरोबर जस्त लागतं, आणि जस्त डोंगराच्या पोटात असतं. जपानच्या मध्यात हिदा नावाचा डोंगराळ मुलूख आहे, तिथे कामिओकाची खाण. चांदी, तांबं, शिसं काढण्यात तिथे पिढ्यान्‌पिढ्या गेल्या. जस्ताच्या खनिजाला तेव्हा कुणी विचारत नसे. बाकीचं काढून झालं की ते ढिगावर जाई. रशियाशी युद्ध झालं त्या सुमारास, 1905 च्या आगेमागे, त्याला भाव आला. खाण तोवर मित्सुई कंपनीच्या हातात गेली होती. मग प्रत्येक लढाईगणिक काम वाढत गेलं.

जस्त एकटं येत नाही. त्याच्या खनिजात थोडं कॅडमियम असतंच. शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या आवर्तसारणीत एक उभा रकाना आहे: वर जस्त, त्याखाली कॅडमियम, त्याखाली पारा. या एका रकान्याने जपानकडून जे वसूल केलं, ते दुसऱ्या कुठल्या देशाकडून केलं नसेल. पाऱ्याच्या विषबाधेचं मिनामाता जगाला ठाऊक झालं. कॅडमियम म्हटलं की आपल्याकडे फार तर चित्रकारांना ट्यूबमधला तो धगधगीत पिवळा आठवतो. कॅडमियमची नदी फारशी कुणाच्या तोंडी नाही. तिचं नाव जिंझू.

डोंगरात खनिज दळून त्याची पूड होई. पूड पाण्यात घालून फेस आणायचा, हवं ते फेसाबरोबर वर घ्यायचं, उरलेला गाळ सोडून द्यायचा. हे तंत्र आलं तेव्हा सगळ्यांनी त्याला प्रगती म्हटलं, आणि ती होतीही. एरवी वाया जाणारं खनिज हाती लागू लागलं. पण पूड जितकी बारीक, तितकी ती पाण्याबरोबर लांब जाते. दगड असता तर खाणीच्या पायथ्याशी पडून राहिला असता. पूड ताकाहारा नदीत गेली, ताकाहारा पुढे जिंझू झाली, जिंझू डोंगर सोडून तोयामाच्या सपाटीवर उतरली. सपाटीवर पाट, आणि पाटांच्या टोकाला भाताची खाचरं.

खाचरात शिरताना पाण्याचा वेग मोडतो. वेग मोडला की त्याने वाहून आणलेलं खाली बसतं. म्हणून पाण्याच्या तोंडाशी असलेलं भात आधी खुरटलं. शेतकऱ्यांना ते फार लवकर दिसलं होतं. नदी पांढुरकी येते, रोपं धरत नाहीत, उतारा घटतो, अशा तक्रारी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच्या आहेत. काहींनी पाटाच्या तोंडाशी खड्डे खणले, गाळ त्यात बसू दिला, उपसून बाजूला टाकला. पिकाच्या नुकसानीवर अर्ज झाले, बोलणी झाली. माणसाच्या नुकसानीपर्यंत बोलणं यायला पुढे कित्येक दशकं जावी लागली. भाताची तक्रार घेऊन जायला शेतकरी होता. बाईची तक्रार घेऊन कोण जाणार?

हे लिहिणं त्या बायकांसाठी आहे. जिंझूच्या काठच्या, फुचूच्या आणि आसपासच्या गावांतल्या, ज्यांचं नाव कुठल्या यादीत आलं त्यांच्यासाठी आणि ज्यांचं आलं नाही त्यांच्यासाठी जास्त. पाटाचं पाणी घरापुढून वाहायचं. त्याच पाण्याने तांदूळ धुवायचे, तेच पाणी आधणाला ठेवायचं, तेच प्यायचं. लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभं राहायचं ते त्याच पाण्याच्या. संध्याकाळी पुढ्यात यायचा तो त्याच खाचरातला भात. कोकणात, मावळात ज्यांनी चिखलणी आणि लावणी पाहिली आहे त्यांना ती वाकलेली पाठ वेगळी समजावून सांगायला नको. अंगात चिखल जिरेस्तोवर वाकायचं, मधेच कंबरेवर हात ठेवून ताठ व्हायचं, परत वाकायचं. पोटुशी असली तरी वाकायचं. घरात मूल अंगावर पीत असलं तरी वाकायचं.

कॅडमियमला घाई नसते. भातातून अंगात जातं ते कणाकणाने, आणि एकदा मूत्रपिंडात जाऊन बसलं की निघता निघत नाही. साठलेलं निम्मं उतरायलाच दहा ते तीस वर्षं लागतात. मूत्रपिंड म्हणजे घरातली काटकसरी बाई. रक्तातलं सगळं गाळून घेते, टाकायचं ते टाकते, आणि टाकलेल्यातूनही कामाचं वेचून परत डब्यात भरते: कॅल्शियम, फॉस्फेट, साखर, प्रथिनं. कॅडमियम तिचे हातच मोडतं. मग कामाचं सगळं लघवीवाटे वाहून जातं. हाडांना लागणारं हाडांपर्यंत पोहोचत नाही. अंग हाडांतून उसनं घेत राहतं, घेत राहतं, आणि फेड होत नाही.

पहिल्यांदा कंबर धरते. मग मांड्या. चाल बदलते, पाय फाकवून डोलत चालावं लागतं. मग काठी येते, मग रांगणं, मग अंथरूण. उभ्या बाईची उंची कमी होत जाते. तीस सेंटिमीटरपर्यंत घटल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे वीतभर आणि वर चार बोटं. खोकला आला की बरगडी मोडते. नाडी बघायला मनगट धरलं आणि तेच मोडलं, असं तिथले लोक सांगत. पांघरुणाचा भार सोसवत नाही. आणि या सगळ्यात डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत. ग्लानी नाही, भ्रम नाही. आपण काय आहोत, काय झालो आहोत आणि घरच्यांवर किती भार झालो आहोत, हे सगळं लख्ख कळत असायचं. त्या दिवसरात्र एवढंच म्हणायच्या: दुखतंय, दुखतंय. जपानीत इताई, इताई. 1955 साली तिथल्या एका वर्तमानपत्राने ते कण्हणंच रोगाचं नाव म्हणून छापलं.

त्याआधी नाव नव्हतं. नाव नव्हतं म्हणजे रोग नव्हता असं नाही. 1910 च्या दशकापासून रोगी असावेत असं मागाहून हिशेब लावणारे सांगतात. चाळीस-बेचाळीस वर्षं बायका विव्हळत होत्या आणि ते विव्हळणं घराच्या भिंतीबाहेर गेलं तरी कानाबाहेर राहिलं. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त हेच सलतं. गाळ अदृश्य नव्हता, नदी पांढुरकी दिसत होती. भाताचं खुरटणं दिसत होतं. बाईचं मोडणंही दिसत होतं. पण बाईचं दुखणं हे दुखणं म्हणून मोजायची पद्धतच नव्हती. चार बाळंतपणं झाली की कंबर जायचीच. चाळिशी उलटली की सांधे धरायचेच. हे वाक्य तोयामात जपानीत म्हटलं गेलं असेल, आपल्याकडे मराठीत म्हणतात, बहुतेक सगळ्या भाषांत म्हणत असतील. आणि त्या वाक्याच्या आडोशाला एखादी अख्खी खाण लपू शकते.

शिवाय लाज. गेल्या जन्मीचं पाप, घराण्याचा भोग, असं बोललं जाई. घरात असं माणूस आहे हे कळलं तर मुलींची लग्नं अडतील, त्या गावात कुणी मुलगी देणार नाही, तांदूळ कुणी घेणार नाही. म्हणून आतल्या खोलीत अंथरूण. गंमत बघा, तोयामा हा प्रांत जपानभर औषधांसाठी नावाजलेला. तिथले औषधवाले शेकडो वर्षं गावोगाव हिंडत. घरात औषधांची पेटी ठेवून जात, पुढच्या फेरीला येऊन जेवढं वापरलं तेवढ्याचेच पैसे घेत. उधारीवर आणि विश्वासावर चालणारा धंदा. या आतल्या खोलीतल्या बाईच्या उपयोगाचं त्या पेटीत काही नव्हतं.

नोबोरू हागिनो हे गावातले डॉक्टर. बापजाद्यांचा दवाखाना फुचूत. 1946 साली लढाईवरून परत आले आणि दवाखान्यात बसले, तर समोर एकामागून एक त्याच बायका. त्यांनाही आधी ते कष्टांचं आणि निकस खाण्याचं दुखणं वाटलं. 1955 साली त्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरबरोबर या रोगाची पहिली मांडणी केली ती तशीच. ते अगदीच चुकीचं होतं असंही नाही, त्याकडे मी येते. पण त्यांना एक प्रश्न सोडेना. कष्ट आणि उपास तर साऱ्या जपानभर आहेत, मग हे दुखणं इथेच का? त्यांनी नकाशा घेतला आणि रोगी जिथे जिथे होते तिथे तिथे ठिपके दिले. ठिपके जिंझूच्या दोन्ही काठांना दाट झाले. पूर्वेला कुमानो नदी, पश्चिमेला इदा. त्यांच्या पाण्यावर भात पिकवणाऱ्या गावांत ठिपका नाही. हवा तीच, बर्फ तेच, खाणं तेच, बाळंतपणं तेवढीच. फरक एकच, पाट कुठल्या नदीचा.

1957 साली त्यांनी खाणीकडे बोट दाखवलं. हसण्यावारी गेलं. खेड्यातला डॉक्टर, विद्यापीठाचा ना शिक्का ना पाठबळ, हा काय मित्सुईला शिकवणार! मग त्यांना दोघे जोडीदार मिळाले, शेतीशास्त्राचे किनिची योशिओका आणि ओकायामा विद्यापीठाचे रसायनतज्ज्ञ जुन कोबायाशी. कोबायाशींनी नदीचं पाणी, माती, तांदूळ आणि मेलेल्या रोग्यांची हाडं तपासली. सगळीकडे कॅडमियम निघालं. 1961 साली हागिनो आणि योशिओका यांनी ते जाहीर केलं.

हाडं तपासली, हे मी दोन शब्दांत लिहून गेले. ती हाडं कुणी तरी दिली होती. ज्या घराने बाईला आयुष्यभर आतल्या खोलीत झाकून ठेवलं, त्याच घराने ती गेल्यावर तिचा देह चिरायला दिला. अशा एका शवविच्छेदनात 72 ठिकाणी हाडं मोडलेली सापडली; त्यांतली 28 नुसत्या बरगड्यांची. जिवंतपणी तिचं ‘दुखतंय’ पुरेसं धरलं गेलं नाही. ते खरं मानायला 72 आकडा लागला.

कंपनीचं म्हणणं, आणि कंपनीच्या बाजूच्या डॉक्टरांचं, असं की हे कुपोषण आहे, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आहे. यात अर्धं सत्य होतं म्हणूनच ते इतकं टिकलं. अंगात लोह कमी असलं की आतडं लोहासाठी हपापतं, आणि त्या हावरेपणात कॅडमियमलाही आत घेतं. कॅल्शियमचंही काहीसं तसंच. सतत बाळंतपणं, अंगावर पाजणं, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणं, यांनी बाईच्या अंगात जी पोकळी होते तिच्यात हा धातू अलगद शिरतो. म्हणजे कमतरता होतीच. पण कमतरतेने दार उघडं राहिलं म्हणून चोर निर्दोष ठरत नाही. एकाच घरात, एकाच पातेल्यातला भात खाऊन नवरा हिंडता-फिरता राहिला आणि बायको अंथरुणाला खिळली, यात निसर्गाचा वाटा किती आणि ताटात कुणाला काय वाढलं जातं याचा किती, हे वेगळं काढून दाखवणं अवघड आहे. मला तरी दुसरा वाटा लहान वाटत नाही. आपल्या देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या 57 टक्के बायकांमध्ये रक्त कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच सांगते. तेवढी दारं उघडी आहेत.

मार्च 1968 मध्ये रोगी आणि त्यांचे घरचे कोर्टात गेले. त्याच वर्षी 8 मे रोजी जपान सरकारने इताई-इताईला प्रदूषणातून झालेला रोग म्हणून मान्यता दिली; त्या देशातली अशी ही पहिली मान्यता. कोर्टात कंपनीने विचारलं: नेमकं किती कॅडमियम, नेमकं कुठल्या वाटेने, किती दिवसांत, कुठल्या हाडात? कुणाच्याही अंगात ते मोजून घालता आलं नसतं आणि हे विचारणाऱ्यांनाही माहीत होतं. जपानच्या खाण कायद्यात हलगर्जी सिद्ध करावी लागत नाही, नुकसान खाणीमुळे झालं एवढंच दाखवावं लागतं. आणि तेवढं दाखवायला रोग कुठे आहे, कुठे नाही, कधी वाढला, कुणाला झाला, हा साथशास्त्राचा पुरावा पुरे, असं 30 जून 1971 रोजी तोयामाच्या न्यायालयाने म्हटलं. हागिनोंच्या नकाशातले ठिपके कामी आले. कंपनी वरच्या कोर्टात गेली, तिथेही 9 ऑगस्ट 1972 ला हरली. दुसऱ्या दिवशी गावकरी टोकियोत, कंपनीच्या मुख्य कचेरीत. तिथे त्यांनी जे लिहून घेतलं त्याकडे शेवटी येते.

(हागिनो-कोबायाशींचं सगळं मान्य झाल्यावरही 1975 च्या सुमारास हा रोग खरं तर प्रदूषणाचा नाहीच, असा सूर मासिकांतून आणि राजकारण्यांकडून पुन्हा निघाला. या लोकांना थकवा येत नाही.)

बायकांची गोष्ट इथवर. माती राहिली.

नदी धुऊन जाते. वरून गाळ बंद झाला की वर्षागणिक पाणी निवळतं. जिंझूचं निवळलं, आज तिच्यातलं कॅडमियम निसर्गतः असतं तेवढ्यावर आलं आहे. माती धुऊन जात नाही. धातू कुजत नाही, विरत नाही, जंतूंना पचत नाही. खाचरात पाणी भरलेलं असतं तोवर चिखलात हवा नसते, आणि अशा चिखलात कॅडमियम गंधकाशी घट्ट बांधलेलं, न विरघळणारं राहतं. भात पोटरीला येतं, दाणा भरतो, कापणी जवळ येते तसं शेतकरी पाणी सोडून देतो, खाचर सुकवतो. हवा आत जाते. बांधलेलं सुटतं. नेमकं तेव्हाच मुळं ते वर ओढतात आणि दाण्यात भरतात. शेतकऱ्याने काही चुकवलेलं नसतं. त्याच्या आज्याने जसं पाणी सोडलं तसंच त्याने सोडलेलं असतं. पाणी कापणीपर्यंत राखावं म्हटलं, तर मातीत आर्सेनिक असेल तिथे तेच पाणी आर्सेनिक मोकळं करून दाण्यात धाडतं. असल्या मातीत शहाणपणाला जागा राहत नाही.

पिकलेल्या तांदळाचं काय करायचं हाही प्रश्न होता. जास्त कॅडमियमचा विकायला बंदी. त्याखालचा, मधल्या प्रतीचा, सरकार विकत घेई आणि त्याची कारखान्यांसाठी खळ होई. मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ पुढे वाचवलं नाही. रोपापासून दाण्यापर्यंतची सगळी मेहनत तीच: तरवा, चिखलणी, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी. आणि शेवटी पोती भरून द्यायची ती चिकटवायला. ज्याने आयुष्यभर भात पिकवला त्याला पैसे मिळाले, हे खरं. पण आपल्या शेतातलं घरात शिजवायचं नाही, लेकीकडे धाडायचं नाही, देवापुढे ठेवायचं नाही, हे कुठल्या भरपाईत बसतं?

मग माती बदलायचं ठरलं. पंधराशे हेक्टरांवर जमीन दूषित म्हणून जाहीर झाली होती. 1979 साली काम सुरू झालं आणि 2012 च्या मार्चमध्ये संपलं. तेहेतीस वर्षं. 863 हेक्टर खाचरं परत भाताला आली, 40 अब्ज येनहून जास्त खर्चून, आणि त्यातला निम्म्याहून अधिक पैसा सरकारी तिजोरीतला, म्हणजे लोकांचाच. उरलेल्या जमिनीवर तोवर घरं, कारखाने, रस्ते उभे राहिले. ज्यांनी मागणी केली ते काम संपेस्तोवर म्हातारे झाले, काही गेले. हागिनो 1990 मध्ये गेले.

बदलली म्हणजे कशी? दूषित माती कुठे नेणार? असा कुठला गाव आहे जो म्हणेल, आणा इकडे? म्हणून खाचरातच खोल चर खणले, वरची दूषित माती त्यात ढकलली, वर मुरुमाचा थर दाबून बसवला म्हणजे मुळं खाली जाऊ नयेत, आणि त्यावर डोंगरातून आणलेली स्वच्छ माती पसरली. मातीलाच माती दिली. वरचा थर साधारण वीतभर. शेकडो वर्षं नांगरून, खत घालून, कुजलेल्या धाटांवर पोसून जी काळी माती तयार झाली होती, ती खाली गेली. वर आली ती डोंगराची कोरी, निकस, जिला कधी भाताचं मूळ ठाऊक नव्हतं अशी. पहिली वर्षं तिला खाऊ-पिऊ घालण्यात गेली. आज तिथला तांदूळ तपासून पास होतो, तोयामाच्या दुकानांत विकला जातो, लोक खातात. काम चांगलं झालं यात शंका नाही. जगात असं एवढ्या चिकाटीने फार थोड्या ठिकाणी झालं आहे. पण गेलेल्या मातीसाठी कुणी सुतक धरलं नाही. ज्या चिखलात त्या बायका उभ्या होत्या तो चिखल मुरुमाखाली तसाच आहे, त्यातला धातू तसाच आहे, आणि मधे आहे ती वीतभर.

खाणीची आणखी एक हकिगत आहे आणि ती सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याच कामिओकाच्या डोंगरात, माथ्यापासून एक हजार मीटर खाली, शास्त्रज्ञांनी एक प्रचंड टाकी बांधली. तिच्यात पन्नास हजार टन पाणी, जगात क्वचितच कुठे असेल इतकं शुद्ध. ताऱ्यांतून येणारे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण पकडायला. न्यूट्रिनो सगळ्यातून आरपार जातात. डोंगर, माणूस, पृथ्वी, काही त्यांना अडवत नाही आणि ते कशाला धक्का लावत नाहीत. एखादाच पाण्यात ठिणगी उमटवतो. तिथल्या पहिल्या, धाकट्या टाकीने 1987 साली एका फुटलेल्या ताऱ्याचे न्यूट्रिनो टिपले, आणि या डोंगरातल्या कामाला दोन नोबेल मिळाली, 2002 आणि 2015 साली. 2020 मध्ये मोठ्या टाकीच्या पाण्यात गॅडोलिनियम नावाच्या धातूचं संयुग मिसळलं, आणि ते मिसळण्याआधी टाकी रिकामी करून तिची गळती बुजवली. शास्त्रज्ञांच्या पायाखालून जाणारं पाणी कुठे जातं हे त्यांना सांगावं लागलं नसणार. एकाच डोंगरातून दीड लाखाहून जास्त प्रकाशवर्षं दूरच्या ताऱ्याची कुणकुण ऐकू आली, आणि खाली नदीकाठी शेजारच्या घरातली बाई ऐकू यायला चाळीस वर्षं लागली. दोन्ही माणसांनीच केलेलं.

आपल्याकडचं काय, असं कुणी विचारेलच. तमिळनाडूत राणीपेटला बंद पडलेल्या एका क्रोमियमच्या कारखान्यामागे लाखाहून जास्त टन विषारी कचरा वर्षानुवर्षं उघड्यावर पडून राहिला, पावसाने झिरपत राहिला, विहिरींना पिवळं पाणी आलं. मुंबईत रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर वाढलेला पालक आणि माठ आपण लोकलच्या खिडकीतून बघत आलो, मंडईत जुडीला हात घालताना मात्र तो कुठला हे विचारत नाही. पालेभाज्या कॅडमियम खेचण्यात भाताच्या मागे नाहीत. औद्योगिक वसाहतींच्या कडेच्या गावांत जा. तिथल्या दवाखान्यात कंबरेची तक्रार घेऊन बायका बसलेल्या असतील, आणि त्यांना कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या जात असतील. कंबर बाळंतपणाने गेली असेल, पाणी वाहून गेली असेल, वयाने गेली असेल. बहुतेकींची तशीच गेली असेल. पण त्या कुठल्या पाण्याचं पिकलेलं खातात, हे केसपेपरवर विचारायला रकाना नाही, आणि दवाखान्याच्या भिंतीवर ठिपके द्यायला नकाशा नाही.

तोयामात आजवर सुमारे दोनशे जणांना रोगी म्हणून अधिकृत मान्यता मिळाली, जवळजवळ सगळ्या बायका. मान्यतेसाठी हाडांचा पुरावा लागतो. मूत्रपिंड कामातून गेलंय पण हाडं अजून तगून आहेत, अशांना रोगी म्हणत नाहीत. त्यांच्यासाठी डिसेंबर 2013 मध्ये कंपनीशी वेगळा समझोता झाला आणि माणशी सहा लाख येन ठरले. मान्यतेची पद्धत 1967 साली सुरू झाली. त्याआधी ज्या गेल्या त्यांची मोजदाद नाही. त्यांना बाळंतपणाने, म्हातारपणाने, गेल्या जन्मीच्या पापाने नेलं असं त्यांच्या घरी सांगितलं गेलं असेल, आणि त्या स्वतःही तेच मानत गेल्या असतील.

आता ते टोकियोतलं. 10 ऑगस्ट 1972 ला दिवसभर बसून गावकऱ्यांनी कंपनीकडून तीन गोष्टी लिहून घेतल्या. रोग्यांना भरपाई. दूषित शेतीची भरपाई आणि माती पूर्ववत करणं. तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: गावकऱ्यांना वाटेल तेव्हा, त्यांनी निवडलेले तज्ज्ञ बरोबर घेऊन, कारखान्यात शिरता येईल, नमुने घेता येतील, कागद मागता येतील, आणि त्याचा खर्च कंपनी करेल. फिर्यादी बाईच्या घरच्यांनी खाणीच्या फाटकातून आत जायचा हक्क मिळवला. त्या वर्षापासून ते दर वर्षी जातात. आधी रोग्यांचे नवरे आणि मुलगे जायचे, आता नातवंडांच्या वयाची माणसं असतात. वकील असतात, प्राध्यापक असतात. सांडपाण्याच्या तोंडाशी उभं राहून बघतात, मागच्या वर्षीच्या आकड्यांवर प्रश्न विचारतात. खाणीतून जस्त काढणं 2001 साली थांबलं, पण धातू गाळायचं काम चालू आहे, आणि कित्येक दशकांचा गाळ डोंगरातल्या दऱ्यांत बंधाऱ्यांमागे अडवलेला आहे. देश भूकंपांचा, पाऊस दिवसेंदिवस बेभरवशाचा. त्यामुळे वर चढून गेलेली माणसं हल्ली सांडपाण्याइतकीच त्या बंधाऱ्यांची चौकशी करतात.